पोपटीत चिकन हाडाशी लाल, बटाटा कडक आणि शेंगा करपलेल्या, असं का होतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे: पनवेलजवळ मित्राच्या शेतावर पोपटी लावली (म्हणजे वालाच्या शेंगा, भाज्या, अंडी, चिकन पाल्यासकट मडक्यात भरून भोवती आग करून शिजवायचं), चिकनला आणि भाज्यांना एकच मसाला लावून केळीच्या पानात पुड्या बांधून मडक्यात घातल्या, पाऊण तास आग दिली. उघडल्यावर कडेच्या शेंगा कोळसा, बटाटे कडक, चिकन हाडाजवळ लाल आणि दोन पुड्या फाटून मसाला शेंगांवर सांडलेला. आणि पुढे विचारलंय की भांबुर्डा (मडक्यात घालायचा उग्र वासाचा रानपाला) नाही मिळाला तर काय घालायचं, मटण चालेल का, आणि घरी ओव्हनमध्ये असं काही जमेल का.

दादा, आधी हे सांगते की तुमची आग कमी पडलेली नाही, पाऊण तास पुष्कळ झाला. गडबड मडकं भरण्यात आणि पुडी बांधण्यात आहे, आणि बटाट्याचं कारण तर वेगळंच आहे. मी अलिबागकडची, आमच्याकडे थंडी पडली की घरच्यांसाठी आणि ऑर्डरच्या अशा दोन्ही पोपट्या लावणं चालूच असतं, त्यामुळे उत्तर जरा लांबेल पण सगळं लिहिते.

पोपटी वाफेवर शिजते, हे पक्कं डोक्यात ठेवा. आपण मडक्यात पाण्याचा थेंब घालत नाही, पण ओल्या शेंगा, भांबुर्डा, कांदे, चिकन या सगळ्यात पाणी भरपूर असतं आणि मडकं तापलं की ते बाहेर पडून त्याचीच वाफ होते. मडकं उपडं ठेवलेलं, तोंड खाली आणि त्यात भांबुर्डा गच्च कोंबलेला, वाफ वर जाते तर वर मडक्याचं बंद बूड, म्हणून ती आतच फिरत राहते. आत ओल आहे तोपर्यंत मधल्या मालाचं तापमान १०० अंशाच्या आसपासच राहतं, बाहेर तुम्ही कितीही जाळ करा. पण मडक्याची भिंत मात्र त्याहून खूप जास्त तापते. म्हणजे जे भिंतीला टेकलं ते करपणार आणि जे मधोमध वाफेत आहे ते निवांत शिजणार. जाळ वाढवून आतलं लवकर शिजत नाही, फक्त कडेचं जळतं, आणि आतली ओल संपली की मग मधलंही करपायला लागतं.

त्यामुळे भरण्याची पद्धत महत्त्वाची. साधारण १० लिटरचं मडकं धरा, त्यात २ किलो वालाच्या शेंगा, १ किलो चिकन, अर्धा किलो बटाटे-रताळी आणि ८-१० अंडी आरामात बसतात. बुडाला भांबुर्ड्याचा चांगला चार बोटं जाड थर द्यायचा (मडकं उपडं केल्यावर हेच बूड वर येणार आणि तिथे सगळ्यात जास्त जाळ लागणार), मग भिंतीला लागून सगळीकडे भांबुर्डा उभा लावत यायचं. तुम्ही बहुतेक फक्त खाली आणि वर पाला घातला असेल, कडा मोकळ्या राहिल्या असतील, बरेच लोक तेच करतात. मग शेंगांचा एक थर, त्यावर खडे मीठ आणि ओवा भुरभुरवायचा, मग मधोमध पुड्या आणि अंडी, त्यांच्या भोवती परत शेंगा, परत मीठ-ओवा, असं करत गळ्यापर्यंत. ओव्यात हात आखडता घेऊ नका, वाल वातूळ असतो आणि शिवाय ओवा आणि भांबुर्डा मिळून जो वास येतो ना तोच पोपटीचा वास. मडकं दाबून भरायचं, पोकळी ठेवायची नाही, नाहीतर उपडं करताना सगळं सरकतं आणि पुड्या जाऊन भिंतीला टेकतात. शेवटी तोंडात भांबुर्डा इतका घट्ट कोंबायचा की मडकं उपडं करून हलवलं तरी काही खाली येता कामा नये.

मडकं साधं भट्टीतलं घ्या, रंगवलेलं, पॉलिश केलेलं नको. बोटाने टिचकी मारून बघा, ठणठणीत आवाज यायला पाहिजे, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे आणि ते आगीत फुटणार. पाणी भरून ठेवलेला ओला माठही थेट आगीत घालू नका, दोन-तीन दिवस उन्हात वाळवून मग घ्या. तेलाच्या पत्र्याच्या डब्यात लावतात बरेच जण, होते तशी, पण पत्रा पातळ, लगेच तापतो आणि लगेच निवतो, शेंगांना ठीक आहे, पण चिकनच्या पुड्या घालणार असाल तर मडकंच घ्या.

आता पुडी. केळीचं पान ताजं असलं तरी तसंच दुमडलं तर शिरेच्या रेषेत फाटतं, तुमचं तेच झालंय. मधला जाड दांडा सुरीने काढायचा (टाकू नका, पुढे उपयोगी पडतो), आणि पानाचे तुकडे गॅसच्या बारीक जाळावरून सरकवत न्यायचे. पान तापलं की त्याचा रंग गडद होतो, वर चकाकी येते आणि ते कापडासारखं मऊ पडतं, तेवढंच करायचं, जास्त ठेवलं तर कडक होऊन परत तुटतं. मग एकावर एक दोन तुकडे घ्यायचे, पण खालच्याच्या शिरा आडव्या आणि वरच्याच्या उभ्या असे. पान नेहमी शिरांच्या दिशेनेच चिरतं, त्यामुळे एक चिरलं तरी दुसरं धरून ठेवतं. याने पुडी फुटायची जवळजवळ बंद होते. बांधायला केळीच्या सोपटाचा, म्हणजे खोडाच्या सालीचा, दोर सगळ्यात उत्तम, नाहीतर जाडा सुती दोरा. प्लॅस्टिकची सुतळी अजिबात नको, ती वितळते. आणि पुडी चपटी करा, तीन-चार पीसची एक. किलोभर चिकनचं एकच मोठं गाठोडं केलं की मधल्या पीसपर्यंत उष्णता पोचायलाच अर्धा वेळ जातो.

काही लोक केळीच्या पानाऐवजी सरळ अॅल्युमिनियम फॉईल वापरतात. मला ते पटत नाही. पानातून थोडी वाफ आत-बाहेर होते, भांबुर्ड्याचा वास चिकनला लागतो आणि चिकनचा रस थोडा झिरपून शेंगांना लागतो, फॉईलमध्ये हे सगळं बंद. मग पोपटी लावायची कशाला, चिकन घरीच करा की.

मसाल्याचं प्रमाण आमच्याकडे साधारण असं: १ किलो चिकन हाडासकट, मध्यम पीस, मांड्यांना हाडापर्यंत दोन-दोन चिरा. २ इंच आलं, १५-२० लसूण पाकळ्या, ६-८ हिरव्या मिरच्या आणि मूठभर कोथिंबीर, हे पाणी न घालता वाटायचं. त्यात चमचाभर हळद, २ चमचे आगरी मसाला, २ चमचे तेल, एका लिंबाचा रस आणि १५ ग्रॅमच्या आसपास मीठ. कमीत कमी दोन तास मुरवा, रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलं तर फारच छान. दही घालायचंच असेल तर फडक्यात बांधून पाणी काढलेलं घाला, पातळ दह्याने पुडीत नुसतं पाणी होतं आणि मसाला चिकनला धरत नाही. आणि ही गोष्ट महत्त्वाची आहे, मुंबई-पुण्याहून शेतावर जाताना मुरवलेलं चिकन गाडीच्या डिकीत तीन-चार तास तसंच ठेवू नका, बर्फ घालून आइसबॉक्समध्येच न्या आणि मडकं भरायच्या वेळीच बाहेर काढा.

बटाट्याचं आता. तुम्ही लिहिलंय की सगळ्या भाज्या चिकनच्याच मसाल्यात एकत्र मुरवल्या. तिथेच घोळ आहे. मसाल्यात लिंबू आणि दही होतं, आणि आंबट लागलं की बटाट्याचा गर लवकर मऊ पडत नाही. आपण आमटीत चिंच-कोकम डाळ शिजल्यावरच घालतो ना, आधी घातलं की डाळ तशीच राहते, अगदी तसंच हे. म्हणून चिकनचा आंबट मसाला वेगळा आणि भाजीचा वेगळा. भाजीला फक्त वाटण, हळद, मीठ, तेल, आणि लिंबू खाताना वरून पिळा. बटाटे लिंबाएवढे छोटे घ्या, सालासकट, वर अधिक चिन्हासारखी चीर देऊन आत मसाला भरा. मोठे असतील तर दोन फोडी करा. छोटी वांगी भरून मस्त होतात, छोटे कांदे अख्खे, रताळ्याचे जाड तुकडे. कणगर (रताळ्यासारखा कंद) मिळाली तर नक्की घाला, थंडीत आमच्या बाजारात येते, वाफेवर शिजलेल्या कणगरीची चव बटाट्याला येत नाही. भाज्यांच्या पुड्या वेगळ्या बांधा आणि त्या चिकनच्या बाहेरच्या बाजूला, भिंतीच्या जरा जवळ लावा, कारण बटाट्याला चिकनपेक्षा जास्त उष्णता लागते. वालाच्या शेंगा मात्र तशाच सालासकट, मोकळ्या.

आग लावताना मडकं तीन दगडांवर उपडं ठेवायचं, थोडा खड्डा केला तर वारा कमी लागतो. भोवती आणि वर गोवऱ्या, सुकी लाकडं, झावळ्या, पेंढा रचायचा. पेंढा भसकन पेटतो आणि विझतो, तो फक्त पेटवायला. खरं काम गोवऱ्या करतात, त्यांची धग एकसारखी असते. वारा एका बाजूने असेल तर त्या बाजूचं मडकं कमी तापतं (जाळ दुसरीकडे ओढला जातो ना), तिथे मधेमधे जळण सारत राहावं लागतं. जाळ मध्यम, ३० ते ४० मिनिटं. मग वरची राख थोडी बाजूला करून मडक्यावर पाण्याचा हबका मारायचा, चर्र आवाज होऊन पाणी क्षणात उडालं की आतलं झालं असं समजतात. ही जुनी खूण आहे आणि शेंगांपुरती अगदी पुरेशी आहे. पण नुसत्या शेंगा आणि चिकनच्या पुड्या यात फरक आहे. चिकन असेल तर चर्र झाल्यावर आग बाजूला ओढायची आणि मडकं तसंच उपडं १५ मिनिटं गरम राखेत राहू द्यायचं. माती उष्णता धरून ठेवते, त्यात आतलं सावकाश शिजत राहतं आणि भिंतीकडचं करपत नाही. ही १५ मिनिटं लोकांना थांबवत नाहीत, भूक लागलेली असते, मडकं लगेच फोडतात किंवा उलटं करतात. मधे उघडून बघणं तर अजिबात नको, एकदा वाफ गेली की ती परत तयार व्हायला आत पाणीच उरलेलं नसतं.

हाडाजवळच्या लाल रंगाबद्दल थोडं नीट सांगते कारण लोक उगाच घाबरतात, आणि काही उगाच घाबरत नाहीत. बॉयलर कोंबडी फार कोवळी असते, तिची हाडं सच्छिद्र, शिजताना हाडातल्या मगजाचा रंग बाहेर येतो आणि मांस पूर्ण शिजलं तरी हाडाशी लालसर-काळपट दिसू शकतं. म्हणजे रंगावरून ठरवू नका. सगळ्यात जाड पीस घ्या, मांस हाडापासून सहज सुटतंय का आणि रस पारदर्शक आहे का ते बघा. मांस रबरासारखं चिकटून असेल, आतून चकचकीत गुलाबी असेल तर कच्चंच आहे, पुडी परत बांधा आणि कढईत झाकण घालून वाफवा, तसं खाऊ नका. स्वयंपाकाचा थर्मामीटर हल्ली स्वस्त मिळतो, जाड भागात ७४ अंश दाखवलं की बिनधास्त. ऑर्डरच्या पोपटीला आम्ही तो वापरतोच, लहान मुलं, म्हातारी माणसं सगळी खाणार असतात.

गावठी कोंबडी घालणार असाल तर तलंग, म्हणजे कोवळी कोंबडी, घ्या, जुनी कोंबडी पोपटीच्या वेळात नरम होणार नाही.

मटणाचं उत्तरही यातच आलं. मटणातला चिवटपणा वितळायला दीड-दोन तास तरी संथ उष्णता लागते आणि मडक्यातली ओल तेवढी टिकत नाही, शेंगांचा तर तोवर लगदा होईल. म्हणून कच्चे मटणाचे पीस पोपटीत नकोत. दोन मार्ग आहेत. एक म्हणजे मटण आधी कुकरमध्ये पाऊण शिजवून, सगळं पाणी आटवून, कोरड्या मसाल्यासकट पुडीत बांधा, मग भांबुर्ड्याचा वास घेण्यापुरतं ते मडक्यात राहील. दुसरा मार्ग मला जास्त आवडतो, मटणाचा खिमा. खिम्यात वाटण, बारीक कांदा, थोडे सोललेले वालाचे दाणे घालून बोटभर जाडीच्या चपट्या पुड्या करा, ४० मिनिटांत मस्त शिजतात आणि पान उघडल्यावर तो वडीसारखा सुटून येतो.

भांबुर्डा भातकापणी झाल्यावर रिकाम्या शेतात आणि बांधांवर आपोआप उगवतो, पानं थोडी लवदार, चुरडली की उग्र वास येतो. अलिबाग, पेण, रोहा, मुरूड या भागात सीझनला, म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारी, कुणालाही विचारा, दाखवतील, आणि हल्ली शेंगांबरोबर जुड्या विकायलाही असतात. नाहीच मिळाला तर केळीच्या पानाचे तुकडे, कोबीची बाहेरची जाड पानं, मुळ्याचा पाला घ्या आणि वासासाठी कुंडीतल्या ओव्याची जाड पानं भरपूर. भांबुर्ड्याची चव येणार नाही, पण ओल मिळेल आणि पोपटी होईल. पण ओळखत नसलेला पाला शेतातून उपटून मडक्यात घालू नका, हे खरंच कळकळीने सांगते. गाजरगवत हाताला लागलं तरी काहींना खाज सुटते, कण्हेर आणि रुई तर विषारी. एखाद्या जाणत्या माणसाने दाखवल्याशिवाय जंगली पाला नको. भांबुर्डा स्वतः खायचा नसतो, त्याचं काम झालं की तो काढून टाकायचा.

वलसाडकडे गुजरातेत हीच गोष्ट उबाडियुं म्हणून करतात, मडकं उपडंच, पापडीच्या शेंगा, कंद, रताळी आणि हिरव्या लसणाचा मसाला, पण ते शाकाहारी. तिकडून जाताना थंडीत हायवेवर स्टॉल दिसतात, थांबून खा, भाज्या किती नेमक्या शिजवतात ते शिकण्यासारखं आहे. आणि ज्यांना मोठं मांस तासन् तास पानात शिजवायचंय त्यांनी मेक्सिकोत युकातानला डुकराचं मांस शेंद्री आणि आंबट संत्र्याच्या रसात मुरवून केळीच्या पानात गुंडाळून जमिनीतल्या खड्ड्यात कसं पुरतात ते वाचावं. तिथे खड्डा बंद करतात म्हणून ओल टिकते आणि मांस सुटं होईपर्यंत वेळ देता येतो, आपल्या मडक्याला ती सोय नाही.

घरी करायचं तर जाड बुडाची हंडी घ्या. मघाशी काढलेले पानाचे दांडे तळाला आडवेतिडवे रचा, म्हणजे पुड्या बुडाला टेकणार नाहीत. अर्धी वाटी पाणी, वर कोबीची पानं आणि ओव्याची पानं, त्यावर शेंगा, मधे पुड्या, झाकण ठेवून कडेने कणीक लावून सील. पहिली ५ मिनिटं मोठा गॅस, मग हंडीखाली तवा ठेवून बारीक गॅसवर ४५-५० मिनिटं, मग गॅस बंद करून १० मिनिटं तशीच. ओव्हन असेल तर १६० अंशावर झाकणाच्या भांड्यात चिकनच्या पुड्यांना सव्वा तास, आणि इथे मटणाची हौस पुरवता येते, १५० अंशावर ३ तास, पण तेव्हा मात्र पानाच्या बाहेरून फॉईल लावा कारण ओव्हनची कोरडी हवा पान वाळवून टाकते. बटाटे मटणाबरोबर पहिल्यापासून घालू नका, शेवटच्या तासाला घाला. वरून कोळशाचं धुंगार द्या असं बरेच जण सुचवतात, मला ते पोपटीला नको वाटतं, तो कबाबचा वास आहे, पोपटीला हिरव्या पाल्याचा वास हवा.

अमेरिकेत किंवा इंग्लंडमध्ये असाल तर आशियाई दुकानात फ्रोझन केळीची पानं मिळतात आणि गुजराती दुकानात फ्रोझन पापडी. ती पानं पूर्ण वितळू द्या, पुसून घ्या, ती आधीच मऊ असतात पण नाजूक, म्हणून तीन थर लावा. फ्रोझन पापडी लवकर शिजते, ती शेवटच्या २० मिनिटांना घाला, सोलून खायची मजा त्यात नाही.

गच्चीवर लावणार असाल तर लादीवर थेट आग नको, लादी तडकते आणि वॉटरप्रूफिंगही जातं. मोठ्या लोखंडी घमेल्यात चार बोटं वाळू घालून त्यावर करा. शेतावर भोवतीचं सुकं गवत आधी साफ करा, दोन बादल्या पाणी जवळ ठेवा, आणि मुलांना मडक्यापासून लांब बसवा, कधीकधी मडकं फुटतं.

उतरवताना जाड कोरडं गोणपाट घेऊन दोघांनी धरा, काठीने तोंडातला पाला आधी ओढून काढा, वाफेचा झोत येतो तेव्हा तोंड लांब ठेवा. केळीच्या पानावर ओता, अंडी आणि पुड्या बाजूला काढा, शेंगा गरम असतानाच सोला. शेंगा उरल्या तर रात्रीच दाणे काढून फ्रीजमध्ये ठेवा, सकाळी कांदा-खोबऱ्याच्या वाटणात आमटी करा आणि पुडीत साठलेला चिकनचा मसालेदार रस असेल तर तोही त्यातच घाला.